मोहरीएवढी

मोगलाईतले दिवस. उत्तरेश्वराच्या बंडीच्या खिशात अफूची गोळी सापडली आणि त्याच्या आईच्या, भिवराबाईच्या, तोंडचं पाणी पळालं. पोराला अजून मिसरूड फुटलं नव्हतं. तिनं गोळी चुलीत टाकली, तर दुपारपर्यंत त्याचे हातपाय वळायला लागले. तशीच गाडी जुंपून तिनं त्याला चकलांब्याहून गेवराईच्या हकिमाकडं आणलं.

"चावडीवरच्या टोळक्यानं नासवलं जी माझं लेकरू," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

हकिमानं नाडी धरली, पापणी उलटून पाहिली.

"तान्हा होता तवा लई रडायचा का?"

"न्हाई जी, लई गुणाचा. कापूस वेचायला जाताना मोहरीएवढी अफू दुधात उगाळून चाटवायची, की दिवस मावळंपस्तोर पाळण्यात गपगार. समद्याच बाया देत्यात की."

हकिमानं पोराचा हात हळूच खाली ठेवला.

"घरी अजून तान्हं हाय का, बेटी?"

"हाय. सहा म्हैन्यांची पोर. सासूपाशी निजवून आले."

"तिलाबी देतीस?"

भिवराबाईनं मान डोलावली. मग एकाएकी ती उठली. दाराबाहेर, चकलांब्याच्या वाटेकडं बघायला लागली.



"आज लांब यायचं होतं जी... म्हणून ज्वारीएवढी दिली."