सुलूचे दोन तास

पाहणीला आलेली विद्यापीठाची पोरगी दारातूनच म्हणाली, “काका, सुलूकाकींशी बोलायचंय.” मी म्हटलं, “ती गेली. वर्ष होत आलं.” “पण टॅबवरच्या यादीत त्यांचंच नाव आहे. दोन वर्षांपूर्वी मीच मुलाखत घेतली होती. दोन तास बोलल्या.” माझं डोकंच फिरलं. चिंचणीत यंदाची ही तिसरी पाहणी, आणि यादीत माझी मेलेली बायको. माझ्याशी दोन वाक्यं न बोलणारी सुलू हिच्याशी दोन तास बोलली? “काय बोलली?” “ते सांगता येत नाही. नवऱ्यालाही कळणार नाही, असा शब्द देऊनच आम्ही विचारतो.” “अगं, मेली हाय ती!” “शब्द त्यांना दिलाय, काका.” “ठेव तुझा शब्द तुझ्यापाशी. प्रश्न गुपित नाय ना? तेच वाच.” तिनं वाचलं, “घरात तुमचं म्हणणं शेवटपर्यंत कोण ऐकून घेतं?” मी दुसरा प्रश्न वाचू दिला नाही.