एकदाणीचा रंग

प्रीतमने काउंटरवर तीन बांगड्या ओळीने मांडल्या. एक पिवळी, एक गुलाबी, एक पांढरी.

"तिन्ही सोनंच आहे मॅडम," तो म्हणाला. "गुलाबीत तांबं जास्त असते, पांढरीवर वरून पॉलिश असते. तुमच्या हाताले कोणती शोभते, तेवढं पहा."

जयाला पाहण्यासारखं काही नव्हतं. पिवळी घ्यायची हे तिने मनीषनगरहून निघतानाच ठरवलं होतं. बुटीबोरीच्या कंपनीत बोनस झाला होता आणि किती वर्षांनी हातात बांगड्या येणार होत्या. आधीच्या तिने बाबांच्या हार्टच्या ऑपरेशनला काढून दिल्या होत्या. त्याच वेळी आईनेही बायजाआजीची एकदाणी विकली होती, लाखेवर मढवलेल्या सोन्याच्या गोल मण्यांची माळ. जुन्या घडणीचं ते सोनं पिवळं नव्हतंच, कौलासारखं लालसर होतं. एकदाणी गेली, बांगड्या गेल्या, बाबा वाचले. त्यानंतर कुठल्याही लग्नात दोघी मायलेकी बर्डीवरच्या बाजारातले खोटे दागिने घालून मिरवायच्या आणि एकमेकींना डोळा मारून हसायच्या. "आपण दोघीबी लंकेच्या पार्वती," आई म्हणायची.

म्हणून आज धरमपेठेतल्या या दुकानात आई शेजारी हवीच होती. आईबरोबर जयाच्या भावाची, साहिलची, बायको मेघाही आली होती. दागिन्यांच्या दुकानात यायला मेघाला आमंत्रण लागत नसे.

"ताई, गुलाबी घ्या ना," मेघा म्हणाली. "आजकाल हेच गुलाबी सोनं, रोज गोल्ड, चालून राहिलं. माझं पहा, रोज गोल्डच आहे." तिने ओढणी बाजूला सारली आणि गळ्यातली माळ कुर्त्याच्या बाहेर काढली. लालसर मणी, मधेमधे मोती.

"आत टाक वं ते," आई एकदम म्हणाली. "बजारात काय दाखवून राहिली?"

पण गिऱ्हाईक एवढं जवळ आलेलं असताना प्रीतम कसला सोडतो! त्याने गुलाबी बांगडी उचलून मेघाच्या माळेला लावली. "पहा मॅडम, सेम शेड..." म्हणाला आणि थांबला. शेड सेम नव्हती. बांगडी गुलाबी होती आणि माळ कौलासारखी लाल.

जया पुढे वाकली. मेघाच्या गळ्यातल्या मण्यांवरून तिने बोट फिरवलं आणि एका मण्यावर ते थांबलं. मणी एका बाजूने चेपला होता, त्यावर दोन बारीक खळगे होते. दात येत असताना आजीच्या मांडीवर बसून जयाने तो चावला होता. घरात हा किस्सा सगळ्यांना पाठ. आजीने तो मणी कधी सोनाराला दुरुस्त करू दिला नाही. "माह्या नातीची सही हाये ते," म्हणायची.

"हे कोणी दिलं तुले?" जयाने विचारलं.

"आईनं," मेघा सरळ म्हणाली. "मिनलच्या बारशाले. काहून, ताई?"

मिनल, मेघाची मुलगी, बाबांच्या ऑपरेशननंतरची. म्हणजे तोवर एकदाणी घरातच होती.

"काही नाही. तू तिकडे कानातले पाहून घे जरा." जयाचा आवाज तिच्या स्वतःच्याच कानांना परका वाटला. मेघा खुशीत पलीकडच्या काउंटरकडे गेली. तिच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं, बिचारीला मधे मोती ओवून रोज गोल्ड म्हणून सांगितलं, तिने ते गळ्यात घातलं.

"विकली होती ना वं आई?"

आईने ट्रेमधली एक अंगठी उचलून पुन्हा जागेवर ठेवली.

"तुह्या बांगड्यांत भागलं," ती म्हणाली.

"मंग मले काहून नाही सांगितलं? अन् आधी मलेच काहून मांगितलं?"

"तुले मांगितलं तं तू देशीन, हे मले माहीत होतं." आईने पदराने मान पुसली. एसी चालू होता, तरी पुसली. "मले त्या घरात राहायचं हाये, जया. म्हातारपणी मेघाच्या हातचं खायचं हाये. तुह्या हातचं नाही."

बांगड्यांचं जयाला आत्ताही काही वाटलं नाही. त्या तिने मनापासून दिल्या होत्या आणि पुन्हा वेळ आली असती तरी दिल्या असत्या. तिला आठवत होती ती लग्नं. भरल्या मांडवात डोळा मारणारी आई, आणि आपल्यासारखीच आईही रिकामी झाली म्हणून तिच्याबद्दल वाटलेली माया. ते हसणंसुद्धा बर्डीवरचंच निघालं.

"पिवळी पॅक करू का मॅडम?" प्रीतमने हळूच विचारलं.

"पिवळीच दे," आईने घाईने सांगितलं. विषय बदलला याचं तिला बरं वाटलं असावं. "सोनं कसं, लांबून सोनं दिसलं पाहिजे."

"पांढरी द्या," जया म्हणाली.

"येडी झाली का वं तू? हे तं स्टीलवानी दिसते. कोणाले समजन, हे सोनं हाये म्हणून?"

जयाने पांढरी बांगडी मनगटावर चढवली आणि ती झाकेल इतकी बाही खाली ओढली.

"कोणालेच नाही समजणार. मंग घरचं कोणी मांगणार बी नाही."