रागावण्याइतकी जागा

तो रागावून बाथरूममध्ये गेला आणि त्याला तिथे फार आवडलं.

आत टब होता. नळ सोडला की गरम पाणी यायचं. आठ महिने पाठीवर सतरा किलोंची सॅक वाहिलेल्या आणि ओढ्यात अंग धुतलेल्या माणसाला यापुढे आयुष्यात काही मागायचं उरत नाही. त्याने टब भरला, एक टॉवेल मानेखाली घेतला, एक डोळ्यांवर ठेवला आणि व्यवस्थित रागवायला सुरुवात केली.

बाहेर त्याची बायको पलंगावर आडवी झाली होती. सहा उशा होत्या. पलंग एवढा मोठा होता की पलीकडच्या टोकाला जायचं तर सोबत पाण्याची बाटली घ्यावी, असं तिला वाटलं. तीही रागावली होती, पण आडवी होऊन.

तंबू घेऊन या पायी प्रवासाला निघतानाच दोघांचं ठरलं होतं. परतल्यावर एकत्र राहायचं की वेगवेगळं, ते शेवटच्या दिवशी सांगून टाकायचं. जुनं घर सोडलं होतं. घरं दाखवणाऱ्या एजंटने दोन्ही तयाऱ्या ठेवल्या होत्या: चार खोल्यांचं एक मोठं घर, किंवा शहराच्या दोन टोकांना दोन छोटी. आज चार वाजता त्याचा फोन येणार होता. एवढा मोठा निर्णय पाय पसरून, शांत डोक्याने घ्यावा म्हणून त्यांनी हे चांगलं हॉटेल निवडलं होतं.

शांत डोकं दीड वाजेपर्यंत टिकलं. मग तिने अकरा किलोमीटरचा विषय काढला.

तिसऱ्या महिन्यात त्याने नकाशा उलटा धरला होता. अकरा किलोमीटर चालून दोघं एका सिमेंटच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी पोचले होते. व्यवसायाने तो सर्व्हेअर होता.

‘लोकांच्या जमिनी मोजतोस तू,’ ती म्हणाली, ‘त्या बिचाऱ्यांना कल्पना आहे का?’

‘तुला ना, समोरच्याने तोंड उघडं ठेवून गप्प बसलेलं आवडतं!’ तो म्हणाला. ती दातांची डॉक्टर होती. एवढं बोलून तो आत गेला आणि कडी लावली.

तंबूत हे भांडण होऊच शकलं नव्हतं. तंबू दोन माणसांचा होता, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं; त्यांच्याकडची माणसं बारीक असावीत. आत एकाने कूस बदलली की दुसऱ्यालाही बदलावी लागे. म्हणून नियम होता: ज्याला राग येईल त्याने बाहेर जाऊन रागवायचं. बाहेर थंडी असे, वारा असे, एकदा तर गाय होती. आठ महिन्यांतला सर्वांत लांबलेला राग चार मिनिटं चालला. तोही गाईसमोर, म्हणून त्याचं विशेष.

तीनच्या सुमाराला साफसफाईच्या मावशी टॉवेल घेऊन आल्या.

‘बाथरूममध्ये कोणी आहे का?’

‘नवरा आहे. रागावलाय.’

‘किती वेळ लागेल?’

‘सांगता येत नाही हो. पहिल्यांदाच एवढी जागा मिळालीय त्याला.’

मावशींनी बंद दाराकडे पाहिलं. अशी दारं त्यांनी बरीच पाहिली असावीत. ‘मग टॉवेल इथेच ठेवते,’ म्हणाल्या. ‘बाहेर आले की लागतील. येतात बहुतेक.’

बहुतेक हा शब्द तिला आवडला नाही. ती उशांमधून उठायला निघाली. पण उशा चांगल्या होत्या. ती थोड्या वेळाने उठू म्हणाली.

पावणेचारला तिने पलंगावरूनच हाक मारली.

‘अरे, संपला का राग?’

‘केव्हाच. दोन वाजायच्या आतच.’

‘मग दोन तास आत काय करतोयस?’

आत पाणी हललं. ‘बरं वाटतंय गं इथे. पण तू तरी हाक कुठे मारलीस?’

‘मलाही इथे बरं वाटत होतं.’

दोघं गप्प झाले. खोली इतकी छान होती की गप्प बसलेलंही कळत नव्हतं. ती उठून बसली. तिला एकदम भीती वाटली.

‘जुन्या घरात आपण वर्षभर धड बोललो नव्हतो,’ ती म्हणाली. ‘कशावरून ते आठवतंय तुला?’

त्याने डोळ्यांवरचा टॉवेल काढला. ‘नाही,’ तो म्हणाला. ‘पण माझी खोली मस्त होती.’

‘माझीपण. दुपारचं ऊन यायचं.’

‘एकदा तुला विचारायचं होतं, सिनेमाला येतेस का. पण मध्ये दोन खोल्या होत्या. कंटाळा केला.’

‘मी आले असते रे!’

पाणी जोरात हललं. त्याच वेळी फोन वाजला. चारला पाच मिनिटं होती. एजंट वक्तशीरपेक्षाही वक्तशीर होता. तिने फोन उचलला.

‘ताई, काय ठरलं? एक मोठं की दोन छोटी?’

‘एक छोटं.’

‘एक छोटं कोणासाठी?’

‘दोघांसाठी. एकाच खोलीचं बघा. दोन खोल्यांचं दाखवूसुद्धा नका.’

कडी निघाली. तो टॉवेल गुंडाळून, ठिबकत बाहेर आला आणि एवढा पलंग मोकळा असताना तिला चिकटून बसला. तिचं कोपर त्याच्या बरगडीत गेलं. कोणी सरकलं नाही.

फोनवर एजंटने घसा साफ केला. माणूस अनुभवी होता. त्याने बरीच जोडपी घरात घातली होती, आणि त्यातली काही बाहेरही काढली होती.

‘ताई, स्पष्ट विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. एका खोलीत तुमचं दोघांचं पटेल का?’

‘छे, अजिबात नाही पटणार,’ ती म्हणाली. ‘म्हणून तर.’