अडलेलं कडवं

या, जवळ सरका मायबापहो, एका थकलेल्या लेकीची गोष्ट ऐकवतो. लहानपणापासून सिनेमात राबलेली पोर आता गायिका झाली होती, आणि दुसऱ्या अल्बममध्ये तिनं स्वतःचंच आयुष्य गाण्यांत मांडलं होतं. सकाळपासून स्टुडिओत शेवटच्या कडव्याशी येऊन ती अकरा वेळा थांबली. कडव्यात होतं, शूटिंगला रडण्याचा प्रसंग असला की आई कानात सांगायची, ‘मी मेले असं समज.’ आणि आई काचेपलीकडे रेकॉर्डिस्टशेजारीच बसली होती. “घसा बसलाय,” लेक खोटंच म्हणाली. आईनं बोलायचं बटण दाबलं. “घशाला काही धाड भरलेली नाही. कागद वाचलाय मी. खरं तेच लिहिलंयस. गा बाळ. आज रडायला कुणी सांगत नाहीये.” ती गायली, कोरड्या डोळ्यांनी, एका दमात. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टनं आईपुढे रुमाल धरला. गाणं कधी कानी पडलं तर त्या माउलीचीही आठवण ठेवा.