पाच मिनिटांची कोठडी

किल्ली कुलपात मोडली, तेव्हा जजसाहेब आत होते आणि जेलर बाहेर.

आत जायची हौस जजसाहेबांचीच. निवृत्तीनंतर तुरुंग सुधार समितीवर त्यांची नेमणूक झाली होती आणि अहवालात त्यांना एक ठसठशीत वाक्य हवं होतं : ‘मी स्वतः एकांत कोठडीत पाच मिनिटं कुलूपबंद बसलो, विशेष गैरसोय आढळली नाही.’ वाक्य तयार होतं. बसणं तेवढं राहिलं होतं.

“घाबरू नका साहेब, जेलच्या कारखान्यातून करवत आणतो,” जेलर दाराच्या फटीतून म्हणाला. “हा गेलो अन् हा आलो!” त्याचे बूट वाजत वाजत लांब गेले. मग वाजेनासे झाले.

कोठडी अशी, की हात पसरले तर दोन्ही भिंती लागत आणि पाय पसरले तर तिसरी. वर वीतभर झरोका. त्यातून दुपारचं ऊन आत डोकावायचं आणि भिऊन माघारी जायचं. दारात ताट सरकवण्यापुरती खिडकी, बस.

जजसाहेबांनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं. बऱ्याच वेळाने पुन्हा पाहिलं. तीन. कॉलरचं बटण काढलं. मग त्याखालचं. भिंत मघापेक्षा जवळ आल्यासारखी वाटली, म्हणून पावलांनी कोठडी मोजली. तीन पावलं. पुन्हा मोजली. अडीच! पाऊल चुकलं की भिंत सरकली, याचा निवाडा करायला तिथे वरचं कोर्ट नव्हतं.

“जेलर!” हाक भिंतीवर आपटून त्यांच्याच अंगावर आली. ज्यांच्या एका खाकरण्याने पंचवीस वर्षं कोर्ट चिडीचूप व्हायचं, ते आता दारावर मुठी मारत होते. मग लाथा. “काढा मला बाहेर! मरेन मी इथे!”

“ओरडू नका हो,” भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं. “ओरडलं की हवा संपल्यासारखी वाटते. नवीन आहात ना?”

“मी कैदी नाहीये!”

“आधी सगळे तेच म्हणतात. पाठ टेकून बसा. पहिलं वर्षच काय ते जड जातं.”

वर्ष हा शब्द ऐकला मात्र, जजसाहेब मटकन खाली बसले. त्यांनी छाती दाबून धरली. “माझी गोळी... छातीची... कोटात आहे. कोट ऑफिसात...”



“थांबा. आलो.”

आलो? कुठून आलो? शेजारच्या दारावर काहीतरी खुडबुडलं. खट्! मग अनवाणी पावलं. मग खुडबुड थेट त्यांच्याच कुलपाशी. एक गुन्हेगार मोकळा सुटला होता आणि मधे फक्त हे दार! ते उघडावं म्हणून जजसाहेब आतापर्यंत देव पाण्यात घालून बसले होते. आता ते उघडू नये म्हणून त्यांनी खिडकीची कड दोन्ही हातांनी ओढून धरली.

दार उघडलंच. समोर काडीसारखा माणूस, हातात चमच्याची घासलेली दांडी. मोडक्या किल्लीचा तुकडा त्याने अदबीने जजसाहेबांच्या तळहातावर ठेवला.

“भिऊ नका साहेब, कुलपं दुरुस्त करणारा आहे मी. एका पेढीची तिजोरी फुटली आणि अख्ख्या बाजारात हे काम येणारा मी एकटा. धरला मलाच. कुलपं उघडतो, बराकीत ठेवायला नको, म्हणून इथे टाकलं. सहा वर्षं झाली.”

लांबवर बूट वाजू लागले. माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. तो झरकन आपल्या कोठडीत शिरला, दार ओढलं, खिडकीतून हात बाहेर काढून स्वतःचं कुलूप स्वतःच दाबलं. खट्!

जजसाहेब त्या खिडकीशी वाकले. आता त्यांचाही आवाज दबका झाला होता.

“अरे, मी जज होतो, मला सांग. हे तुला रोज उघडता येत होतं. मग पळाला का नाहीस?”

“पळालो तर चोर ठरेन ना! खटला कुठे उभा राहिलाय अजून?” बूट कोपऱ्यापर्यंत आले. आतला आवाज कुजबुजीएवढा झाला. “कुलूप मी उघडीन, साहेब. तुम्ही तारीख तेवढी मिळवून द्या.”