चौकटीतला नमुना

या मंडळी, जवळ सरका. अंजूरच्या क्षितिजाची गोष्ट सांगतो. फुकट मिळणाऱ्या एका बॅकअप सॉफ्टवेअरच्या माहितीपानांवर संगणकाला द्यायच्या कमांड इतर वाक्यांच्या गर्दीत हरवून जायच्या. क्षितिजाने हौसेने प्रत्येक कमांड वेगळ्या चौकटीत बसवली, बाजूला कॉपीचं बटण दिलं. कोणत्या फोल्डरची प्रत काढायची त्या जागी नमुना म्हणून तिने आपल्याच लॅपटॉपवरच्या एका फोल्डरचं नाव घातलं. त्या फोल्डरची गोष्ट घरी सांगायचा धीर तिला दोन वर्षं होत नव्हता.

त्याच लॅपटॉपवर तिच्या बाबांनी, म्हणजे तुळशीरामदादांनी, वैकुंठवासी बुवांची कीर्तनं जपली होती. "आता मना कोनाची गरज न्हाय," पेनड्राइव्ह खिशात घालत दादा म्हणाले. "तुजी चौकट दाबली, जशीच्या तशी चिकटवली, झाला काम!" लेक केवढी सुखावली!

एकादशीला देवळातल्या टीव्हीला पेनड्राइव्ह लागला, टाळकरी सावरून बसले, आणि पडद्यावर क्षितिजा मानकोलीच्या धनेशबरोबर एकाच ग्लासातून उसाचा रस पिताना दिसली.



बुवांची कीर्तनं लॅपटॉपवर सुखरूप आहेत. तुम्ही फक्त येत्या पंचमीला क्षितिजा-धनेशवर अक्षता टाकताना, नमुन्यातलं नाव न बदलणाऱ्या आमच्या तुळशीरामदादांची आठवण ठेवा.