चार सेकंद

नोलन कुबियाक आपणहून खुर्ची ओढत समोर येऊन बसला, तेव्हाच ब्रिनच्या मनात पाल चुकचुकली. वर्गात एवढी मुलं असताना आपला निबंध वाचायला द्यायला त्याला बरी तीच सापडली.

एखादं भाषण घ्यायचं आणि बोलणाऱ्यानं ऐकणाऱ्यांना कुठल्या युक्त्यांनी वळवलं ते उलगडून दाखवायचं, असा विषय होता. बाकीच्यांनी अध्यक्षांची नाहीतर सेनापतींची भाषणं निवडली होती. नोलननं निवडलं होतं गेल्या मार्चमधलं, गावातला कागद कारखाना बंद होतोय असं कामगारांना सांगणारं मॅनेजरचं भाषण. मॅनेजर म्हणजे ब्रिनचे वडील. त्या दिवशी नोकरी गेलेल्या तीनशे जणांत नोलनची आई होती.

'दोन चांगल्या गोष्टी, एक प्रश्न,' एवढं दुसऱ्याच्या निबंधाबद्दल लिहायचं, असं ड्रेजर बाईंनी पिवळ्या कागदावर छापून दिलं होतं. ब्रिननं पेन उघडलं आणि टोमणा शोधतच वाचायला घेतलं. 'आपण एक कुटुंब आहोत' ही युक्ती त्यानं पकडली होती. मुद्दाम टाय न लावता येणं, तेही पकडलं होतं. सगळं चोख होतं, पण विखार कुठंच नव्हता. तिला तेच जास्त खटकलं.

शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'जुन्या यंत्रांची नावं घेताना वक्ता चार सेकंद थांबतो. ही युक्ती नाही. इथे त्याला खरोखर बोलवत नाही. माझी आई म्हणते, एवढ्यासाठी मी त्याला माफ केलं.'

त्या भाषणाचा कागद आधी आठवडाभर ब्रिनच्या घरी जेवणाच्या टेबलावर पडलेला होता. समासात वडिलांचंच अक्षर होतं : 'इथे थांबायचं. चार सेकंद.' रोज जेवण झालं की वडील भाषण म्हणून बघायचे आणि आई घड्याळ धरून बसायची. हे नोलनपर्यंत पोचलं कसं? आणि पोचलं असेल, तर हा साळसूदपणा कशासाठी?

"चार सेकंद हे तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"सांगायला कशाला हवं? आईच्या फोनवर व्हिडिओ आहे. मोजले." तो हसला. "तुला वाचून बरं वाटेल म्हणून तुझ्याकडे दिला."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. ब्रिननं मान खाली घातली. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

नोलनचं हसू हळूहळू मावळलं.

"पण कुणी सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

ती पिवळ्या कागदावरच्या प्रश्नाच्या चौकटीत नुसती रेघ ओढत राहिली.

नोलननं निबंध आपल्याकडे ओढून घेतला. 'ही युक्ती नाही' एवढं त्यानं नीट खोडलं. मग पेन आईच्या वाक्यावर आलं, आणि बाई कागद गोळा करेपर्यंत तिथंच राहिलं.